वर्तुळाची फट

आवटे मॅडमचे वर्तुळ आज जुळले नाही.

बारावीच्या वर्गावरून जाताना सोळंके सरांनी ते उघड्या दारातून पाहिले आणि त्यांचे पाऊल व्हरांड्यातच थांबले. सेलूच्या त्या कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवणाऱ्या अनुपमा आवटे फळ्यावर वर्तुळ काढताना कंपास घेत नसत. मनगट अचल, कोपर ताठ, आणि हात एकदाच फिरे. खडू वरून निघे, खाली जाई आणि वर येऊन स्वतःच्याच आरंभाला टेकताना ‘टक्’ असा बारीक आवाज होई. त्या आवाजासाठी मागच्या बाकावरची मुलेसुद्धा माना वर करीत. एकदा तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने त्यांच्या वर्तुळाला लाकडी कंपास लावून पाहिला होता, आणि मग शंका येऊन कंपासच उलटून पाहिला होता. आज खडू वर आला तो आरंभाच्या आतल्या अंगाने. घर चुकलेल्या पाहुण्यासारखा थोडा पुढे सरकला आणि थांबला. टक् झाले नाही. मॅडम वळल्या आणि त्रिज्येबद्दल बोलू लागल्या. दोन टोकांमधली फट भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या सोळंके यांना दारातूनही स्पष्ट दिसत होती. पण त्यांना धक्का बसला तो त्या फटीचा नव्हे. वर्गातले एकही मूल हसले नाही, याचा बसला. न हसण्याची सवय एका दिवसात लागत नाही.

मधल्या सुट्टीची घंटा झाली. मुले पांगली. मॅडम खडूची पेटी घेऊन बाहेर पडल्या तेव्हा त्यांच्या डाव्या हाताची बोटे भिंतीला अलगद लागलेली होती. भिंतीवर धूळ आहे का हे पाहावे, इतकीच अलगद. ते पाहून सोळंके दाराआड झाले. आपण का लपत आहोत, हा प्रश्न त्यांना पडला आणि त्याचे उत्तर माहीत असल्यामुळे त्यांनी तो तसाच सोडला. मग ते रिकाम्या वर्गात शिरले, फळ्याखालच्या फळीवर राहिलेला खडूचा तुकडा उचलला आणि ती फट जोडून टाकली. हात आधी फिरला, विचार मागून आला. दूर होऊन पाहिले तर वर्तुळ पुरे दिसत होते. जवळ गेल्यावर मात्र ती जागा वाकडे बसलेल्या हाडासारखी वर आलेली होती. त्यांनी खडू फार दाबला होता.

बोटांना खडू लागला होता. हात धुवायला ते आपल्या प्रयोगशाळेत गेले. नळ अंधारखोलीच्या दाराशी होता. प्रकाशाचे प्रयोग करण्यासाठी काळे पडदे लावलेली ती खोली वर्षातून बहुतेक दिवस बंदच असे, आणि दार उघडले की जुन्या कापडाचा, गंजलेल्या लोखंडाचा आणि बंद हवेचा असा एक संमिश्र वास येई. सोळंके यांना तो वास आवडे. अलीकडे तो आला की त्यांना कपाळावर थंड प्लॅस्टिकचा स्पर्श आठवे, आणि मग आवडणे आपोआप थांबे.

गणपती उठल्यावर आरोग्य खात्याची गाडी महाविद्यालयात आली होती. डोळ्याच्या आतल्या पडद्याचा फोटो घेणारे यंत्र आणि तो फोटो वाचून क्षणात निर्णय देणारा संगणक. यंत्राला अंधार लागत होता. सगळ्या इमारतीत अंधाराची सोय फक्त सोळंके यांच्याकडे होती. शिक्षकांची रांग लागली. आवटे मॅडम त्यांच्या पुढे होत्या. लिंगायत घरातल्या मॅडमच्या कपाळावर रोज विभूतीचे पट्टे असत. यंत्राच्या टेकूवर त्यांनी कपाळ ठेवले, तेव्हा त्यातले थोडे तिथे लागले. यंत्र चालवणारी मुलगी मोठ्याने म्हणाली, “मॅडम, तुमाला मोठ्या डॉक्टरांना दाखवावं लागंल. शुगर किती वर्षांची हाय?” मॅडमनी लपवले नाही. बारा वर्षांची, म्हणाल्या. मॅडमना साखर आहे हे सगळ्यांना माहीत होते. त्यांचा बिनसाखरेचा चहा शिक्षककक्षात चहा देणाऱ्या कमलबाई वेगळ्या थर्मासमध्ये ठेवीत. मग सोळंके बसले. त्यांनी कपाळ टेकवले. प्रकाश चमकला. मुलीने पडद्याकडे पाहिले आणि आवाज खाली घेतला, “सर, तुमचं बी तसंच यायलंय.” “पुन्हा घ्या,” सोळंके म्हणाले. तिने पुन्हा घेतला. पुन्हा तेच आले. “कुणाला सांगू नका,” ते म्हणाले. “न्हाई सांगत सर,” ती म्हणाली, “पण जा बरं का.” बाहेर आल्यावर इतिहासाचे बन्सीधर त्यांच्याकडे बघून हसले, “आरं वा, सोळंके सर. विभूती?” सोळंके यांनी रुमालाने कपाळ पुसले. ती दुसऱ्याची होती, एवढेच म्हणाले.

सोळंके यांनाही साखर होती. नऊ वर्षांपासून. हे पत्नीशिवाय कुणाला माहीत नव्हते. शिक्षककक्षात ते दीड चमचा साखरेचा चहा सगळ्यांसमोर पीत आणि घरी जाऊन त्याचे प्रायश्चित्त भाकरी कमी करून घेत. हा वेडेपणा आहे हे त्यांना समजत होते. पण बन्सीधर कारल्याचा रस पीत, मेथीचे पाणी पीत, जांभळाच्या बियांचे चूर्ण खात आणि दर आठवड्याला मधुमेह कायमचा बरा करणारा एक नवा शोध वर्तमानपत्रातून घेऊन येत. आणि दर आठवड्याला सोळंके त्या शोधाची चिरफाड करीत. ज्या घरावर आपण दगड मारतो त्याच घरात आपण भाडेकरू आहोत, हे कसे सांगावे? शिक्षककक्षाचा तो एक रिवाजच होऊन गेला होता. चहाबरोबर बन्सीधर विज्ञानाची एक बातमी वाचीत. कुठे चंद्रावर पाणी सापडलेले असे, कुठे उंदरांचे म्हातारपण उलटे फिरलेले असे, कुठे संगणक माणसाच्या खोकल्यावरून रोग ओळखू लागलेला असे. वाचून झाले की सगळे सोळंके यांच्याकडे बघत. ते तीन प्रश्न विचारीत. किती जणांवर पाहिलं? कुणी मोजलं? ज्यांना मोजलं नाही त्यांचं काय झालं? बहुतेक बातम्या दुसऱ्या प्रश्नापर्यंतही टिकत नसत. मग रसायनशास्त्राचा सिद्धोधन टेबलावर मूठ आपटून म्हणे, “खलास.”

हा अधिकार त्यांनी फुकट मिळवला नव्हता. एका वर्षी त्यांनी वर्गात एका स्थिरांकाच्या किमतीत एक शून्य कमी लिहिले होते. परीक्षा दोन दिवसांवर होती, मुले आपापल्या गावी गेली होती. सोळंके रविवारी एसटीने मानवतला गेले, तिथल्या तीन मुलांची घरे शोधून काढली आणि प्रत्येकाच्या दारात उभे राहून ते शून्य परत देऊन आले. एका मुलाच्या आजीला वाटले, सर वसुलीला आले आहेत. ही गोष्ट बन्सीधर नव्या शिक्षकांना नक्कल करून सांगत, आणि सोळंके हसून ऐकत. एका शून्यासाठी मानवतला गेलेला माणूस, ही आपली ओळख त्यांना आवडत असे. आता नळाखाली हात धरून त्यांना वाटले, की शून्यासाठी गावोगाव हिंडणे सोपे असते. शून्यात आपले काही गुंतलेले नसते.

गाडी येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी बन्सीधरांनी त्याच यंत्राची बातमी वाचली. बातमीत यंत्राचे गुणगान होते. वाचून झाल्यावर आवटे मॅडम सरळ म्हणाल्या, “मला त्यानं पुढं दाखवा म्हटलंय. सर, तुमचं काय मत?” त्यांच्या आवाजात भीती नव्हती, एक उदाहरण सोडवून मागावे तसा तो प्रश्न होता. आणि सोळंके उठले. सूचनाफलकाशेजारच्या छोट्या फळ्यावर त्यांनी लिहिले: माणसे हजार. त्यांपैकी खरा दोष असलेली दहा. यंत्र त्यातली नऊ पकडते. उरलेल्या नऊशे नव्वद निरोगी माणसांपैकी शंभरेक जणांना ते उगाच भिवविते. म्हणजे यंत्राने घाबरविलेली एकशे नऊ, आणि त्यांत खरी फक्त नऊ. “म्हणजे बारातले अकरा उगंच भ्यायलेत,” सिद्धोधन म्हणाला. “यंत्र खोटं नाही,” सोळंके म्हणाले, “ते ओरडण्यासाठीच बांधलेलं आहे. ओरडणाऱ्याकडे किती लक्ष द्यायचं ते आपण ठरवायचं.” वाक्य चांगले झाले होते. मॅडम फळ्याजवळ आल्या, आकडे मनाशी जुळवून पाहिले आणि म्हणाल्या, “गुणाकार बरोबर आहे.” मग त्या हसल्या. त्या हसण्यात केवढी सुटका होती हे सोळंके यांना त्याच क्षणी कळले, कारण तशीच सुटका त्यांच्या स्वतःच्या छातीत उतरत होती. तो हिशेब त्यांनी मॅडमसाठी मांडलाच नव्हता. रात्रभर ते जे स्वतःला समजावीत होते तेच त्यांनी फळ्यावर उतरवले होते. त्या धीराच्या वाटेत मॅडम उभ्या होत्या, इतकेच.

संध्याकाळी घरी जाताना रेल्वेचे फाटक लागलेले होते. मालगाडी जात होती, डब्यामागून डबा, आणि त्या संथ खडखडाटात त्यांना एकाएकी दिसले की हिशेबाचा पाया चुकलेला आहे. हजारांत दहा खरे, पण कोणत्या हजारांत? रस्त्यावरच्या, बाजारातल्या, कुठल्याही हजारांत. दहा-बारा वर्षे साखर अंगात बाळगणाऱ्या माणसांत ते प्रमाण शंभरात तीस धरावे लागेल. मग यंत्र ज्यांना पुढे पाठवते त्यांतले पाचातले चार खरे निघतात. गुणाकार बरोबर होता. गृहीतक दुसऱ्याच लोकांचे होते. फाटक उघडले. मागच्या ट्रॅक्टरवाल्याने हॉर्न दिला. सोळंके आपली स्कूटर ढकलीत रुळांपलीकडे गेले आणि उद्या सांगू, असे त्यांनी ठरवले. उद्या बन्सीधरांनी मंगळावरच्या दगडाची बातमी आणली. परवा शनिवार होता. सांगायचे तर कसे सांगायचे? मॅडमपुरता हिशेब चुकला असे म्हटले, तर सिद्धोधन विचारणार, सर, हे तुमच्या ध्यानात आलं कसं? आणि त्या प्रश्नाच्या पाठोपाठ दुसरा, मग तिसरा. प्रश्न विचारण्याची शिस्त त्यांना सोळंके यांनीच लावली होती.

दिवाळीच्या सुट्टीआधी, कुठल्याशा प्रात्यक्षिक परीक्षेचे निमित्त सांगून, ते एकटे परभणीला गेले. डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घातले, बाहुल्या मोठ्या होईपर्यंत बसवून ठेवले, मग बराच वेळ आत पाहिले. पडद्यावर नको त्या नाजूक रक्तवाहिन्या फुटू लागल्या होत्या. “वेळेत आलात,” डॉक्टर म्हणाले. “कुणी पाठवलं?” “मीच आलो,” सोळंके म्हणाले. यंत्राचे नाव त्यांनी तिथेही घेतले नाही. मग लेसर. हिरवा प्रकाश, ज्याची तरंगलांबी ते दर वर्षी मुलांना पाठ करायला लावीत, तो एकेका ठिणगीने त्यांच्या डोळ्याच्या तळाशी टोचत होता, आणि प्रत्येक टोचणीबरोबर कवटीच्या मागे कुणी नखाने टकटक केल्यासारखे वाटत होते. परतीच्या पॅसेंजरमध्ये ते खिडकीशी बसले तेव्हा सारे जग फिक्या गुलाबी रंगाचे झालेले होते. हिरव्याने थकला की डोळा त्याचा पूरक रंग दाखवतो. कारण माहीत होते, तरी मानवत रोडच्या फाटकाशी उभ्या असलेल्या कापसाच्या गाड्या गुलाबी दिसताना त्यांना कुणीतरी आपली थट्टा करीत आहे असे वाटले.

आणि मानवत रोडलाच आवटे मॅडम चढल्या. बहिणीकडे आल्या होत्या. समोरच्या बाकावर बसल्या. सोळंके यांनी झटकन वर्तमानपत्र उघडले. बाहुल्या अजून पसरलेल्या होत्या. पानावर मुंग्यांचे वारूळ फुटल्यासारखे काळे काहीतरी होते, एक अक्षर लागत नव्हते. तरी त्यांनी बेताबेताने पाने उलटली. “आज काय शोध लागलाय, सर?” मॅडमनी विचारले. “नेहमीचंच,” सोळंके म्हणाले. “परीक्षा झाली?” “झाली.” मग त्यांना वाटले, आत्ता. डब्यात ओळखीचे कुणी नाही. मॅडम, तो हिशेब चुकला होता, उद्याच परभणीला जाऊन या. एवढेच वाक्य. ते जिभेवर तयार होते. त्याची चव औषधाच्या थेंबांसारखी घशात कडू उतरत होती. पण ‘तुम्हाला कसं कळलं’ या पुढच्या प्रश्नापाशी ते दर वेळी अडखळले, आणि तेवढ्यात सेलू आले. मॅडम उतरताना म्हणाल्या, “सर, ऊन लागायलंय का डोळ्यांना? जपा.” ते “हो” म्हणाले. त्या गोष्टीला आता दिवाळी, संक्रांत मागे पडून बोर्डाची परीक्षा तोंडावर आली होती.

नळ कधीचा वाहत होता. त्यांनी तो बंद केला.

शिक्षककक्षात बन्सीधर आणि सिद्धोधन बसले होते. कमलबाई किटली घेऊन आल्या. “साखर नको,” सोळंके म्हणाले. कमलबाईंचा चमचा हवेत राहिला. “उपास हाय का, सर?” “नाही.” “मंग?” या ‘मंग’ला त्यांच्यापाशी उत्तर होते, पण ते कमलबाईंपासून सुरू करणे बरोबर वाटेना. कमलबाईंनी खांदे उडवले आणि बिनसाखरेचा कडू चहा पुढे ठेवला. बन्सीधरांनी मोबाइल नाकाजवळ धरून खाकरले.

“आयका. आपल्याकडं आलतं ना ते डोळ्याचं यंत्र, तेच. आता म्हणे तालुक्याच्या दवाखान्यात बसवायलेत. फोटो काढला की संगणक सांगतो, आंधळे होणार का न्हाई. लय अचूक हाय म्हणे.”

सिद्धोधनने चष्मा नाकावर ओढला आणि सोळंके यांच्या सपाट, कोरड्या आवाजात म्हणाला, “किती जणांवर पाहिलं? कुणी मोजलं?”

“तिसरा राहिला की,” बन्सीधर म्हणाले.

“ज्यांना मोजलं नाही त्यांचं काय झालं?”

दोघे मनसोक्त हसले आणि सोळंके यांच्याकडे बघू लागले. सोळंके यांनी चहाचा कप बशीत नीट मध्यभागी ठेवला.

“यंत्र चांगलं आहे,” ते म्हणाले. “मी त्या वेळी मांडलेला हिशेब चुकीचा होता.”

सिद्धोधनने टेबलावर मूठ आपटली. “घ्या. सरांनी नवी तऱ्हा काढली. आधी तारीफ, मग कत्तल.”

“येऊ द्या सर, पुढचं येऊ द्या,” बन्सीधर म्हणाले, “आमी तयार हावोत.”

“मी खरंच सांगतोय. साखर असलेल्या माणसाला तो हिशेब लागू नव्हता.”

“काय पण चेहरा ठेवतेत,” बन्सीधर सिद्धोधनला म्हणाले. “एवढा गंभीर चेहरा ठेवायचा म्हंजी खायचं काम न्हाई.”

सोळंके पुन्हा तोंड उघडणार होते, पण त्यांना उमजले की उपयोग नाही. वर्षानुवर्षे त्यांनी आपल्या आवाजाला एकच सूर शिकवला होता. त्या सुरात त्यांनी दुसऱ्यांच्या आशा मोडल्या होत्या, विनोद केले होते, पावसाचा अंदाज सांगितला होता; आता त्याच सुरात कबुली दिली तर ती विनोदाच्या खात्यावर जमा होणार, यात लोकांचा काय दोष? आणि खोल कुठेतरी त्यांना बरेही वाटले. सांगितले तर आहे. ऐकले नाही तर आपण काय करणार? हे बरे वाटणे त्यांनी ओळखले. मालगाडी जाताना, गुलाबी कापूस दिसताना, दर वेळी ते अगदी असेच आले होते. काळजीपूर्वक, पाय न वाजवता.

आवटे मॅडम आज उशिरा आल्या. दारात थोड्या थांबल्या, खुर्चीच्या पाठीला हात लावून मग बसल्या. “मॅडम, सर म्हणायलेत यंत्र लय चांगलं हाय,” बन्सीधर म्हणाले. “हो का,” मॅडम म्हणाल्या. त्यांनी थर्मास उचलला आणि कपात चहा ओतू लागल्या, तेव्हा सोळंके यांनी पाहिले, की त्यांच्या डाव्या हाताची तर्जनी कपाच्या काठातून आत सोडलेली आहे. चहा बोटाच्या पेराला लागला, त्या थांबल्या. बोट पदराला पुसले. सांडले काही नाही. किती सफाईने केले होते ते. ही सफाई यायला किती दिवस लागले असतील, हा हिशेब सोळंके यांना नको असताना सुरू झाला.

घंटा झाली. बन्सीधर तासावर गेले. बारावीचा वर्ग रसायनाच्या प्रात्यक्षिकाला जायचा होता, म्हणून सिद्धोधनही उठला. कमलबाई कप गोळा करून गेल्या. मॅडम बसून राहिल्या. सोळंकेही.

“वर्तुळ तुम्ही जोडलंत ना, सर?”

त्यांनी नाही म्हणण्यासाठी श्वास घेतला आणि तसाच सोडला. “कसं कळलं?”

“जोडावर खडू फार दाबलाय. बोटाला लागतो.” मॅडम शांतपणे म्हणाल्या. “आणि वर्तुळ उघडं राहिलं म्हणून कुणाला चैन पडणार नाही, असा माणूस या कॉलेजात एकच आहे. जोडायला नको होतं. ती फट मी रोज मोजते.”

“मोजता?”

“संक्रांतीला बोटभर होती. डाव्या डोळ्यासमोर जाळं आलंय, उजव्याचा मधला भाग विरळ झालाय. फळ्यावर काय चुकतंय ते मला दिसत नाही, म्हणून मुलं गेली की परत जाते आणि बोटांनी मोजते. आजचं माप गेलं.”

यापेक्षा त्या ओरडल्या असत्या तर बरे झाले असते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मोजमापांत खोट शोधणाऱ्या माणसाने एका बाईचे एकुलते एक माप पुसून टाकले होते, आणि वर ते दयेपोटी केले असे त्याला वाटत होते. “मॅडम, तो हिशेब,” सोळंके म्हणाले, “हजारांत दहा हे प्रमाण तुमच्यासाठी नव्हतं. तुमच्यासाठी शंभरात तीस.”

“माहीत आहे. आठ दिवसांत ध्यानात आलं माझ्या. मी गुणाकार तपासला, गृहीतक नाही तपासलं. पहिलीतल्या पोरानं करावी अशी चूक.”

“मग गेला का नाहीत?”

मॅडमनी मान त्यांच्या दिशेने वळवली. नेमकी त्यांच्याकडे नव्हे, थोडी बाजूला, कडेच्या नजरेने पकडावे तशी. “निघालेच होते. दिवाळीआधी बहिणीकडून परभणीला जायचं ठरलंच होतं. ऐन वेळी पाहुणे आले म्हणून बेत पुढं ढकलला आणि परत फिरले. तर गाडीत तुम्ही. बाहुल्या एवढ्या मोठ्या. तुम्ही पेपर वाचत नव्हता, सर. नुसती पानं उलटत होता. माझ्या वडलांच्या डोळ्यांत असेच थेंब घालायचे. मी म्हटलं, सर जाऊन आले. म्हणजे त्यांनाही यंत्रानं पाठवलं होतं. आता काही निघालं असेल तर सर इथंच सांगतील, डब्यातच. एका शून्यासाठी मानवतला जाणारा माणूस आहे. वाट पाहिली मी सेलू येईपर्यंत. तुम्ही बोलला नाहीत. मी समजले, काही निघालं नाही. यंत्र उगंच ओरडलं. मग मीही नाही गेले.”

कक्षातला पंखा एका बाजूने झुकून फिरत होता, आणि दर फेरीला कुरकुरत होता. सोळंके त्या कुरकुरीकडे लक्ष देऊन बसले, कारण दुसऱ्या कशाकडे लक्ष दिले असते तर बसता आले नसते. इतके महिने ते समजत होते, की आपण बोललो तो अपराध आणि गप्प राहिलो तो केवळ भित्रेपणा. त्यांनी मांडलेला हिशेब मॅडमनी केव्हाच मोडीत काढला होता. मॅडम गेल्या नाहीत त्या त्यांच्या न बोलण्यावर विसंबून. त्यांच्या सचोटीवर. तेवढे एकच गृहीतक मॅडमनी न तपासता धरले होते.

“निघालं होतं,” ते म्हणाले. “दोन्ही डोळ्यांत. लेसर केलं. मला नऊ वर्षं साखर आहे.”

“चहात दीड चमचा घेता.”

“हो.”

मॅडमनी खडूची पेटी उचलली. “चला,” म्हणाल्या.

बारावीचा वर्ग रिकामा होता. मॅडमनी डस्टर मागितला, तो सोळंके यांनी दिला. मॅडमनी ते जोडलेले वर्तुळ पुसून टाकले, अगदी कडेपर्यंत, आणि धूळ बसेपर्यंत थांबल्या. नवा खडू घेतला. मनगट अचल, कोपर ताठ. हात एकदाच फिरला. सोळंके यांनी नकळत कान दिला होता. टक् झाले नाही.

“मोजा, सर.”

ते पुढे झाले. फटीत बोटे ठेवली. “साडेतीन बोटं,” ते म्हणाले.

“तुमची बोटं जाड आहेत. माझं माप माझ्या बोटांचं आहे.” आणि मॅडमनी आपला हात फळ्याकडे केला, तो फटीपासून वीतभर बाजूला, कोऱ्या फळ्यावर टेकला. सोळंके यांनी तो मनगटाशी धरला, उचलला आणि जागेवर आणून ठेवला. हात गार होता, खडूने भुरकट. चारही बोटे फटीत बसली आणि वर जागा उरली. एक क्षण त्यांच्या मनात आले, की चार म्हणावे. चार ही मोठी चूक झाली नसती. कुणी तपासले नसते.

“चार बोटं,” ते म्हणाले, “आणि वर अंगठा मावेल एवढं.”

मॅडमनी अंगठा आत घेऊन पाहिला. मावला.

“काल चारच होती,” त्या म्हणाल्या. हात काढून घेतला, दोन्ही तळवे एकमेकांवर झटकले. “परभणीची गाडी कितीला आहे?”

सोळंके यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिले. लेसरने जिथे जिथे टोचले होते तिथे त्यांच्याही नजरेला बारीक भोके होती, आणि मिनिटकाटा त्यातल्याच एका भोकात बुडालेला होता. त्यांनी मनगट थोडे कलते केले, काटा बाहेर येईपर्यंत वाट पाहिली, आणि मगच वेळ सांगितली.